गॅझेटात आखलेले मैदान

म्हैसूरच्या दोन इंजिनिअरिंग कॉलेजांतून भारतीय क्रिकेटला दोन मोठे गोलंदाज मिळाले. एरापल्ली प्रसन्ना नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. 1962 चा वेस्ट इंडीज दौरा आटोपल्यावर त्याने आधी पदवी पुरी करायचे ठरवले आणि पुढची कसोटी तो खेळला ती थेट जानेवारी 1967 मध्ये. जवागल श्रीनाथ श्री जयचामराजेंद्र कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा. 1989-90 च्या मोसमात हैदराबादविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने हॅटट्रिक घेतली. दोघांच्या वयात जवळजवळ तीस वर्षांचे अंतर, पण दोघांच्याही कॉलेजवर पाटी म्हैसूर विद्यापीठाचीच होती. हेच दोघे 1998 नंतर त्याच कॉलेजांत शिकायला आले असते, तर म्हैसूर विद्यापीठाच्या निवड चाचणीला उभे राहण्याचा हक्कही त्यांना नसता. त्या वर्षी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ सुरू झाले आणि कर्नाटकातली इंजिनिअरिंग कॉलेजे त्याच्याकडे गेली. या विद्यापीठाचे मुख्यालय आहे बेळगावात. म्हणजे चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी शिकणारा वेगवान गोलंदाज खेळणार बेळगावचा पत्ता असलेल्या विद्यापीठाकडून. मराठी वाचकाला बेळगावचे नाव एका वेगळ्याच, सीमेच्या वादामुळे पाठ असते. त्या वादात ही नोंद कुणी करत नाही.

अमेरिकेत कॉलेजांच्या अशा स्थलांतरावर अंदाज बांधणे हा बारमाही उद्योग आहे. तिथली विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात, आणि कोण कुठला गट सोडणार यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात. याचे मूळ तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1984 च्या एका निकालात आहे. कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी न्यायालयाने मोडली आणि वाहिन्यांशी सौदा करायची मुभा कॉन्फरन्सना आणि कॉलेजांना मिळाली. पुढचा इतिहास त्या पैशाने लिहिला. 2022 मध्ये ‘बिग टेन’ने सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी तिकडे जाण्याची घोषणा केली होती. 2024 पर्यंत पॅसिफिक किनाऱ्यावरच्या शंभर वर्षांहून जुन्या ‘पॅक-12’मधल्या बारांपैकी दहा विद्यापीठे निघून गेली. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाली. आपल्याकडे हे ऐकून हसू येते. पण विदर्भाचा रणजी संघ दुलीप करंडकासाठी मध्य विभागात मोडतो, नागपूर विद्यापीठ मात्र आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी पश्चिम विभागात, आणि 1985-86 मध्ये रणजीत उतरलेला गोवा क्रिकेटपुरता दक्षिण भारतात. तेव्हा हसणे बेताचे ठेवावे.

फरक आहे तो हलवणाऱ्या हाताचा. अमेरिकेत विद्यापीठे स्वतः उठून गेली. म्हैसुरात कॉलेजांना विधिमंडळाने उचलले, शैक्षणिक किंवा राजकीय कारणांसाठी उचलले, आणि खेळाचा संघ सामानाबरोबर गेला. त्यामुळे म्हैसूरच्या संघाचा इतिहास लिहायचा तर धावफलकाशेजारी कायद्यांची पुस्तके उघडून बसावे लागते. या दोन प्रकारच्या कागदांचा ताळा जिथे जुळतो, तेवढेच इथे मांडले आहे.

पहिला कागद 1916 चा. त्या वर्षी जुलैत चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. ब्रिटिश हद्दीबाहेर एखाद्या संस्थानाने काढलेले हे पहिले विद्यापीठ. सुरुवातीला त्याच्या पदरात मुख्य कॉलेजे दोनच होती: म्हैसूरचे महाराजा कॉलेज आणि बेंगळुरूचे सेंट्रल कॉलेज. दोन्ही तोवर मद्रास विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे विद्यापीठाचा जन्मच मुळी एका फुटीतून झाला, आणि पुढे त्याच्यातून जे जे फुटून निघाले त्यांनी म्हैसूरला त्याचाच धडा परत वाचून दाखवला.

दुसरा कागद धावफलकाचा. 4 नोव्हेंबर 1934, चेपॉक, मद्रास. रणजी करंडकाचा पहिला सामना, मद्रास विरुद्ध म्हैसूर. एम. जे. गोपालन यांनी एन. कर्टिस यांना स्पर्धेतला पहिला चेंडू टाकला. म्हैसूर 48, मद्रास 130, म्हैसूर 59. एक डाव आणि 23 धावांनी हार, तीही एकाच दिवसात. ए. जी. रामसिंग यांचे दोन्ही डावांत मिळून 35 धावांत 11 बळी. स्पर्धेचा आराखडा विभागवार होता: उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण. विभागात बाद पद्धतीने जिंकायचे आणि मग दुसऱ्या विभागाच्या विजेत्याशी गाठ. हा नकाशा रेल्वेच्या सोयीने आणि संस्थानांच्या इभ्रतीने आखलेला होता. त्यात एका मुंबई प्रांतातून मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन संघ होते, शेजारी नवानगर, बडोदा, होळकर असे संस्थानिकांचे संघ पुढे आले, आणि पश्चिमेत सिंधही खेळत होता. फाळणीने सिंध गेला. संस्थाने विलीन झाल्यावर नवानगरचे नाव पुसले गेले. चार वेळा करंडक जिंकलेला होळकर संघही पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला संपला.

म्हैसूर टिकले, आणि नुसते टिकले नाही तर फुगले. 1934 मध्ये मद्रासकडून एका दिवसात गारद झालेला हा संघ 1941-42 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. तिथे मुंबईने त्याला एक डाव आणि 281 धावांनी चिरडले. पण खरी वाढ मैदानावर झाली नाही. ती 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या सातव्या कलमात झाली.

ते कलम रूक्ष आहे, तरी सावकाश वाचण्यासारखे आहे. नव्या म्हैसूर राज्यात जुने म्हैसूर राज्य आले. मुंबई राज्यातून विजापूर, धारवाड आणि कारवारचा कानडा जिल्हा आला, आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा. हैदराबाद राज्यातून काही तालुके वगळून गुलबर्गा, रायचूर आणि बिदर. बिदरमधून वगळलेले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर पुढे मराठवाड्यात राहिले. मद्रास राज्यातून कासारगोड सोडून दक्षिण कानडा आणि कोल्लेगाल तालुका, शिवाय सबंध कुर्ग. क्रिकेटचा या कलमात उल्लेख नाही, असायचे कारणही नाही. पण रणजीतल्या ‘म्हैसूर’ या नावाखाली कोणती गावे मोडतात याचे उत्तर 1 नोव्हेंबर 1956 रोजी बदलले. वडियारांच्या संस्थानाचे नाव आता उत्तर कर्नाटकालाही लावायचे होते.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण मराठी लेखनात तिच्याकडे उलट्या बाजूने पाहिले जाते. राज्यांच्या सीमा बदलल्या तेव्हा क्रिकेटच्या सीमा सगळीकडे बदलल्या नाहीत. महाराष्ट्रात आजही मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. गुजरातेतही गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र मिळून तीनच. क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठीच्या लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सुचवले तेव्हा हे सहा संघ अडचणीत आले, आणि ऑगस्ट 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या संघटनांचे पूर्ण सदस्यत्व पुन्हा मान्य केले. कर्नाटकाने मात्र पाच तुकड्यांतून आलेला मुलूख एकाच संघात घातला. परिणाम दोन झाले. निवडीचे क्षेत्र अवाढव्य झाले, आणि निवडीची खुर्ची बेंगळुरूत पक्की झाली. म्हैसूर राज्य क्रिकेट संघटना 1933 पासून बेंगळुरूतच होती. राज्याचे नाव 1 नोव्हेंबर 1973 रोजी कर्नाटक झाले तेव्हा संघाचेही झाले, आणि त्याच मोसमात प्रसन्नाच्या नेतृत्वाखाली या संघाने उपान्त्य सामन्यात मुंबईची सलग पंधरा विजेतेपदांची मालिका तोडून पहिला रणजी करंडक जिंकला. म्हैसूरकरांच्या दृष्टीने हा योग थोडा कडवटच. चाळीस वर्षे त्यांच्या नावाने हरलेला संघ नाव टाकल्यावर पहिल्याच हिवाळ्यात जिंकला.

क्रिकेटच्या संघाची हद्द अशी वाढत असताना विद्यापीठाची हद्द मात्र कमी कमी होत गेली. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, जवळपास एकाच काळात. यातली दुसरी मुंबई विद्यापीठाच्या इतिहासाशी ताडून पाहिली की नीट कळते. 1857 चे मुंबई विद्यापीठ सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेले होते. 1949 मध्ये पुणे, गुजरात, बडोदा आणि कर्नाटक अशी विद्यापीठे निघाली. बेळगावचे 1933 चे लिंगराज कॉलेज आणि 1945 चे राणी पार्वतीदेवी कॉलेज तोवर मुंबई विद्यापीठाची होती. 1949 च्या कायद्याने ती धारवाडकडे गेली, म्हणजे राज्य बदलण्याच्या सात वर्षे आधीच. 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ निघाले आणि ती पुन्हा हलली. आज चंदगडचा खेळाडू शिवाजी विद्यापीठाकडून पश्चिम विभागात खेळतो, आणि शेजारच्या बेळगावचा दक्षिण विभागात. दोघे घरी एकच भाषा बोलत असतील, एकाच आठवडी बाजाराला जात असतील, पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्यांची गाठ पडायची तर दोघांच्याही संघांना आपापल्या विभागातून पहिल्या चारांत यावे लागेल. प्रत्येक विभागातून चार आणि मग सोळा संघांची अखिल भारतीय फेरी, ही भारतीय विद्यापीठ संघाची सांघिक खेळांतली सर्वसाधारण रीत आहे. ज्या सीमेवर दोन राज्ये न्यायालयात भांडतात, ती सीमा क्रीडा संचालकांच्या टेबलावर कधीच निकालात निघालेली आहे.

म्हैसूरची वजाबाकी 1964 मध्ये सुरू झाली. बेंगळुरू विद्यापीठ वेगळे झाले आणि 1916 च्या मूळ जोडीतले सेंट्रल कॉलेज गेले. विश्वेश्वरय्यांनी 1917 मध्ये बेंगळुरूत काढलेले इंजिनिअरिंग कॉलेजही गेले. 1980 मध्ये मंगळुरू विद्यापीठ निघाले आणि किनारपट्टीसह कोडगू गेला. 1987 मध्ये कुवेंपू विद्यापीठाने शिमोग्याकडचा मुलूख घेतला. ज्या कुवेंपूंनी म्हैसूरचे कुलगुरू असताना तिथल्या परिसराला मानसगंगोत्री हे नाव दिले, त्यांच्याच नावाने झालेली ही फूट.

एवढ्यावरून म्हैसूरचा खेळ खंगला असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. त्या मोहात अर्धे तथ्य आहे. आंतरविद्यापीठ खेळांत मोठे विद्यापीठ म्हणजे मोठे जाळे. 1956-57 पासून देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. तो वेगवेगळ्या स्पर्धांतल्या गुणांच्या बेरजेवर ठरत असे, आणि जितकी कॉलेजे जास्त तितकी ती बेरीज सोपी. पण पंजाबचे उदाहरण या गणिताला छेद देते. 1969 मध्ये अमृतसरला गुरू नानक देव विद्यापीठ निघाले, मूळ पंजाब विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतूनच. त्याने हा करंडक पुढे वीसहून जास्त वेळा जिंकला. म्हैसूरच्या घरातही असेच झाले. गेल्या दशकात मंगळुरू विद्यापीठाने अखिल भारतीय आंतरविद्यापीठ अॅथलेटिक्समध्ये विजेतेपदांची रांग लावली, आणि त्यात मूडबिदिरेच्या आळ्वास कॉलेजचा वाटा मोठा होता. 1980 ची फूट झाली नसती तर ती पदके म्हैसूरच्या खात्यावर पडली असती, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. आळ्वास संस्था फुटीनंतरची, मंगळुरू विद्यापीठाच्या छत्राखाली वाढलेली. म्हैसूरपासून घाट उतरून गेलेल्या मुलखात, दूरच्या मुख्यालयाच्या हाताखाली, तिने तितकाच जोर धरला असता असे मानायला कागदांत काही आधार नाही.

खरा तोटा विद्याशाखांच्या फुटीने झाला असे माझे मत आहे. 1996 मध्ये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मेडिकल कॉलेजे घेतली. त्यात 1924 चे म्हैसूर मेडिकल कॉलेज होते. मग 1998 मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजे गेली. जिल्हे जातात तेव्हा संघ लहान होतो, पण त्याचा पोत तोच राहतो. शाखा जातात तेव्हा शहर तेच राहते आणि एकाच मैदानावर संध्याकाळी सराव करणारी मुले तीन विद्यापीठांत वाटली जातात. प्रसन्ना आणि श्रीनाथ ज्या प्रकारचे खेळाडू होते, शहरात वाढलेले, क्लबमध्ये खेळणारे, घरच्यांच्या आग्रहाखातर इंजिनिअरिंगला गेलेले, तो सगळा थर म्हैसूर विद्यापीठाच्या हातून एका कायद्याने निसटला. जयचामराजेंद्र कॉलेज तर 2016 मध्ये स्वतःच जेएसएस विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. एका कॉलेजाने 1998 ते 2016 या अठरा वर्षांत तीन विद्यापीठांची नावे छातीवर लावली.

विद्यापीठाच्या हाती त्यानंतरही एक गोष्ट राहिली, ती म्हणजे मैदान. गंगोत्री ग्लेड्स हे म्हैसूर विद्यापीठाचे मैदान. तिथे जानेवारी 2010 मध्ये रणजीचा अंतिम सामना झाला, कर्नाटक विरुद्ध मुंबई. त्या वेळी राज्य संघटनेचे अध्यक्ष होते श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार, विद्यापीठ काढणाऱ्या राजाच्या घराण्यातले. धावफलक सांगतो: मुंबई 233, कर्नाटक 130. दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था 5 बाद 51. तिथून धवल कुलकर्णी उभा राहिला. तो गोलंदाज म्हणून संघात होता, पण 87 धावा करून गेला. मुंबई 234, कर्नाटकापुढे लक्ष्य 338. मनीष पांडेने 144 धावा काढल्या आणि सामना जवळजवळ हिसकावून घेतला होता. अजित आगरकरने पाच बळी घेतले. कर्नाटक सर्व बाद 331, सहा धावांनी हार. वसीम जाफरच्या मुंबईने करंडक उचलला. मुंबईच्या क्रिकेटरसिकांना हा सामना आठवतो तो आगरकरसाठी आणि धवलसाठी. मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 1941-42 प्रमाणेच मुंबईने अंतिम सामन्यात त्याच परंपरेच्या संघाला हरवले, पण या वेळी खुद्द म्हैसुरात, म्हैसूर विद्यापीठाच्या गवतावर, आणि हरणाऱ्या संघाच्या नावात म्हैसूर नव्हते.

आता पुढचे अंदाज. देशाच्या पातळीवर अमेरिकेसारखे काही होत असेल तर ते खासगी विद्यापीठांत. 2022 मध्ये बेंगळुरूत झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत यजमान जैन विद्यापीठच पदकतक्त्यात पहिले आले. तिथे गुणी खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते, वसतिगृह मिळते, आणि तो कुठल्या जिल्ह्याचा हे कुणी विचारत नाही. संलग्न कॉलेजांच्या जाळ्यावर विसंबलेल्या जुन्या सरकारी विद्यापीठाला यावर उत्तर शोधावे लागेल. त्याच्याकडे द्यायला मैदान आहे, पैसा नाही.

म्हैसूरपुरता प्रश्न निराळा आहे आणि त्याचे कागद ताजे आहेत. 2019 मध्ये मंड्याला विद्यापीठ झाले. 2022 च्या दुरुस्तीने राज्यात सात नवी विद्यापीठे आली, त्यांत हासन आणि चामराजनगर होती. म्हणजे म्हैसूर विद्यापीठाचे उरलेले तिन्ही बाहेरचे जिल्हे गेले. मग फेब्रुवारी 2025 मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळ उपसमितीने निधी आणि साधनांअभावी नऊ विद्यापीठे बंद करून मूळ विद्यापीठांत मिळवावीत अशी भूमिका घेतली. मंड्या, हासन आणि चामराजनगर तिन्ही त्या यादीत होती. 1916 पासूनची कायद्यांची पाने उलटली तर म्हैसूरबाबत प्रत्येक पान काहीतरी कापून देणारे आहे. कापलेले परत जोडण्याचा हा पहिलाच प्रस्ताव. अमेरिकेत असता तर त्यावर आतापर्यंत पैजा लागल्या असत्या.

विलीनीकरण झालेच तर खेळाचे काय होईल, याचा हिशेब मांडता येतो. चार विद्यापीठे म्हणजे दक्षिण विभागात चार नोंदी, प्रत्येक खेळात चार संघ. तीन नोंदी जातील. हासनच्या मुलीला विद्यापीठाच्या कबड्डी संघात यायचे असेल तर निवड चाचणीसाठी पुन्हा म्हैसूर गाठावे लागेल, आणि आज तिच्या जिल्ह्यातल्या मुलींपुरत्या असलेल्या बारा जागांसाठी चार जिल्ह्यांशी झुंजावे लागेल. ती संघात आली तर मात्र दक्षिण विभागातून पहिल्या चारांत पोचण्याची तिची शक्यता आजच्यापेक्षा बरीच जास्त असेल.